बारावी चौकट

केशवाच्या देवळाचा नवा सभामंडप उभा राहिला, त्या वर्षी कल्याणातल्या शहाण्या माणसांना एकाएकी चित्रकलेचा पुळका आला. शके अठराशे दहाचा तो हिवाळा. पारनाक्यावर जो तो त्याच विषयावर बोलत होता, आणि विश्राम चितारी कोपऱ्यावर पान चघळत, ऐकत, मनातल्या मनात एकेकाची किंमत करत होता.

विश्रामचं घराणं तीन पिढ्या चिताऱ्याचं. आजाने देवळांची छतं रंगवली, बापाने पालख्या आणि रथ रंगवले, आणि विश्रामच्या वाट्याला लग्नघरांच्या भिंती आल्या: दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती, वर गणपती, खाली भालदार-चोपदार. अलीकडे तेही काम आटत चाललं होतं. मुंबईहून छापील चित्रं येऊ लागली होती. लोक ती खिळ्याने भिंतीला ठोकत आणि त्यांतल्या गुलाबी गालांच्या देवांना हात जोडत. विश्रामला त्या चित्रांचा तिटकारा होता, ती विकणाऱ्यांचा होता, आणि विकत घेणाऱ्यांचा त्याहून जास्त होता. वय पंचेचाळीस, अंगाने किडकिडीत, भुवया कायम वर चढलेल्या. त्याची बायको म्हणायची, "अहो, तुमच्या त्या भुवया एकदा तरी खाली येऊ द्या. समोरच्याला वाटतं, आपल्या अंगाला वास येतोय."

"येतोच," विश्राम म्हणायचा.

पौषात एके दिवशी भाऊसाहेब कर्णिकांचं बोलावणं आलं. भाऊसाहेब ठाण्याच्या कोर्टात वकील. रोज आगगाडीने जायचे-यायचे, आणि येताना डोक्यात काहीतरी नवीन घेऊन यायचे. मागच्या वर्षी वाचनालय काढलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी व्यायामशाळा. या वर्षी सभामंडपाची भिंत होती.

"विश्राम, भिंतीवर बारा चौकटी करायच्या," भाऊसाहेब ओटीवर येरझारा घालत म्हणाले. "बारा चौकटींत आपल्या मुलखातली बारा पवित्र स्थानं. टिटवाळ्याचा गणपती, अंबरनाथचं शिवालय, ठाण्याचा कोपिनेश्वर, अशी. लोक काशी-रामेश्वराची चित्रं घरात लावतात आणि दारच्या देवाकडे पाठ करतात. ते बंद झालं पाहिजे."

विश्रामच्या भुवया पहिल्यांदाच किंचित खाली आल्या. भिंत त्याने पाहिली होती. लांबलचक, पुरुषभर उंच, उजेड डावीकडून येणारा. तसली भिंत त्याला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

"काढतो, भाऊसाहेब. रामनवमीपर्यंत..."

"तू नाही काढायचीस."

"मग कोणी?"

"समाजाने!" भाऊसाहेब कोर्टात थांबावं तसे हात वर करून थांबले. "अठरापगड जातींचा हात त्या भिंतीला लागला पाहिजे. प्रत्येकाने आपल्या हाताने आपलं स्थान रंगवायचं. त्यातून ऐक्य वाढेल. तू चौकटी आखून द्यायच्या, रंग घोटून द्यायचे, आणि कुठे चुकलंमाकलं तर जरा हात फिरवायचा."

विश्राम उठून चालता झाला असता. पण ती भिंत होती. तो "बरं" म्हणाला, आणि घरी जाताना वाटभर स्वतःशीच पुटपुटत गेला, की ज्यांना दाराशी धड स्वस्तिक काढता येत नाही ते आता देवळं काढणार.

आधी भिंत तयार व्हायची होती. खाडीपलीकडच्या आंबेखार गावची आगरी माणसं त्या कामाला आली. चुना मळायचा, लिंपायचा, आणि ओला आहे तोवर गुळगुळीत गोट्याने घोटत राहायचं, भिंतीत तोंड दिसेपर्यंत. त्यांत शेवंती नावाची एक बाई होती. तिशीची असेल, काळीसावळी, काष्टा घट्ट मारलेला, बोलायला कमी. तिचा हात एका लयीत फिरायचा आणि मागे भिंत कवडीसारखी चमकत यायची. विश्रामने ते पाहिलं आणि त्याला मानावं लागलं, की काम चोख आहे. तसं तो तिला बोलला मात्र नाही. चुन्याच्या बाईची तारीफ काय करायची!

माघात रंगकाम सुरू झालं, आणि 'अठरापगड' म्हणजे कोण ते दिसलं. वकील आले, मास्तर आले, मामलेदार कचेरीतले दोन कारकून आले, आणि तांदळाचे व्यापारी पोपटशेट आले. एकूण एक पायांत जोडे घालणारी माणसं.

प्रभाकर मास्तरांनी मुंबईला चित्रकलेची परीक्षा दिली होती. त्यांनी अंबरनाथ घेतलं. हातात पट्टी, दोरा, कंपास. "ह्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, विश्राम," ते सांगू लागले. "जवळचं मोठं काढायचं, लांबचं लहान."

"म्हणजे देव लांब असला की लहान?" विश्रामने विचारलं.

"तुला कळायचं नाही ते."

चार दिवसांनी मास्तरांचं शिवालय तयार झालं. ते हुबेहूब रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या गुदामासारखं दिसत होतं. फक्त एंजिन यायचं बाकी होतं. मास्तर घरी जेवायला गेले, तसा विश्रामने कुंचला उचलला. दुपारभरात गुदामाला शिखर आलं, शिखरावर दगडी जाळीची नक्षी आली, पायाशी हत्तींची रांग आली. संध्याकाळी मास्तर आले, लांबून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "पाहिलंस? सुकल्यावर कसं उठून आलं!"

विश्रामने बाहेर जाऊन पानाची पिंक टाकली.

मग हाच रिवाज पडला. सकाळी समाजाने रंगवायचं, दुपारी समाज झोपला की विश्रामने सगळं पुसून पुन्हा काढायचं, आणि संध्याकाळी समाजाने स्वतःचं कौतुक करायचं. कोपिनेश्वर कारकुनांनी काढला तेव्हा पिंडी उखळासारखी झाली होती. भाऊसाहेबांनी स्वतः एक घाट काढला, त्यात नदी चढावर वाहत होती. विश्रामने सगळं सावरलं, आणि प्रत्येक चौकटीबरोबर त्याच्या मनातली त्या लोकांची किंमत आणखी उतरत गेली. भित्तिचित्रांच्या शेजारी संगमरवरी पाटी लागणार होती. तिच्यावर कोणाची नावं येणार हे त्याला ठाऊक होतं. कोणाचं येणार नाही हेही.

पोपटशेटनी टिटवाळ्याचा गणपती मागून घेतला होता. त्यांनी रेशमी उपरणं मागे टाकून, दोन माणसांनी धरलेल्या चौरंगावर चढून, एक मोदक काढला आणि दमून खाली उतरले.

"बाकीचं तू बघ, विश्राम. आणि गणपतीच्या पायाशी आपण पण पाहिजे हां. हात जोडून. थोडा मोठा काढ."

"गणपतीपेक्षा?"

"नाही रे. पण दिसला पाहिजे ना!"

विश्रामने शेटना काढलं, लाल पगडी, जोडलेले हात. मग त्याच बारीक कुंचल्याने गणपतीच्या उंदराला शेटच्या मिशा काढल्या. टोकं वर वळवलेल्या, अगदी तशाच. देवळाच्या पंचमंडळींनी चित्र पाहिलं, शेटनी पाहिलं, पंचांतल्या शास्त्रीबुवांनी गणपतीचे हात मोजले. उंदराकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. विश्रामला त्यांच्या आंधळेपणाची कीव करण्यात दोन दिवस मोठी मजा आली.

तिसऱ्या दिवशी शेवंती खालच्या कडेचा चुना घोटायला आली. चौकटीसमोर थांबली, आणि पदर तोंडावर घेऊन खुदकन हसली.

"काय झालं?" विश्रामने विचारलं.

"काय नाय, दादा." ती उंदराकडे बघत होती. "शेटचा भाऊ झ्याक आयलाय."

विश्रामला आनंद व्हायला हवा होता. इतक्या दिवसांत एका माणसाला त्याचं काम दिसलं होतं. पण आला तो राग. आपली खोच चुन्याच्या बाईने ओळखावी हे त्याला अपमानासारखं वाटलं. "आपलं काम कर," तो म्हणाला.

अकरा चौकटी भरल्या. बारावी कोरी राहिली, कारण तीत कोण यावं यावर पंचांचं भांडण लागलं होतं. पोपटशेटना आपली कुलदेवी हवी होती. शास्त्रीबुवा म्हणत होते, ज्याच्या देवळात चित्रं काढता तो केशवच नको का? दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. ऐक्य असं वाढत असतानाच ठाण्याहून चार वकील मंडळी भिंत पाहायला आली. भाऊसाहेब त्यांना एकेक चौकट दाखवत शेवटी कोऱ्या जागेपाशी आले. तिथे शेवंती कोपरा घोटत बसली होती. भाऊसाहेबांना स्फुरण चढलं.

"आणि ही पाहा आमची आगरी भगिनी! हिच्याही देवाला इथे जागा आहे. काय गं, तुझा देव कोणता?"

शेवंती उठून उभी राहिली. "उघाडीवरची आई."

"वा! ही शेवटची चौकट तुझी. तूच काढ तुझी आई. समाज म्हणतो तो हाच, गृहस्थहो!"

ठाण्याच्या वकिलांनी माना डोलावल्या. मंडळी फराळाला गेली. सभामंडपाची शेवटची पायरी उतरेपर्यंत भाऊसाहेब ते विसरूनही गेले असतील. विश्रामला त्यात नवल वाटलं नाही. त्या माणसाचं बोलणं सुकेपर्यंतही टिकत नसे.

पण शेवंतीने ते खरं मानलं. दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आली. हातात तांदळाच्या पिठाचं मडकं, द्रोणात गेरू, आणि टोक चेचलेली बांबूची काडी.

"गावात विचारून आयलंय," तिने विश्रामला सांगितलं. "भगत हो बोलला. आई बी हो बोलली."

"आई कशी बोलली?"

"तांदूळ लावला, उजवा परला." देवीला लावलेला दाणा उजवीकडे पडला, म्हणजे तिचा होकार.

विश्रामला हसू आलं. त्याने चौरंग तिच्याकडे सरकवला आणि खांबाला टेकून बसला. म्हटलं, आता ही गंमतही पाहू.

तिने चौरंग घेतला नाही. जमिनीवरूनच, हात पोचेल तिथे, डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढली. एका दमात. रेघ सरळ नव्हती. मध्ये जरा बाक होता, जसा मातीच्या बांधाला असतो. तो बांधच होता. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून आंबेखारच्या लोकांनी घातलेला. मध्ये तिने लाकडी झडपेची चौकट काढली, ती उघाडी. भरतीला ती लावायची, ओहोटीला शेतातलं पाणी सोडायला उघडायची. बांधाच्या एका अंगाला पाण्याच्या रेघा, दाट, एकीवर एक. दुसऱ्या अंगाला भाताचे ठिपके. रेघा चढत चढत बांधाच्या काठापर्यंत आल्या आणि थांबल्या. मग तिने बोट पिठात बुडवलं आणि उघाडीच्या माथ्यावर एक पांढरा गोळा ठेवला. त्याला गेरूचं एक बोट लावलं. झालं.

"ही देवी?" विश्राम म्हणाला. "तोंड कुठाय हिला?"

"तिला त्वांड नाय."

"हात?"

"हात कशाला? ती बसलेली हाय. ती उठली तं गाव जेला पान्यात."

तिने मडकं धुतलं, भिंतीला हात लावून कपाळाला लावला, आणि गेली. तिचं चुन्याचं काम त्या दिवशी संपत होतं. जाताना म्हणाली, "पाडव्याला सगला गाव येनार हाय बघाया."

पाडव्याला भिंतीचं उद्घाटन ठरलं होतं. आठ दिवस उरले होते. विश्रामला अकरा चौकटींवरून शेवटचा हात फिरवायचा होता, आणि तो रोज देवळात जात होता. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, उगाच भास होतोय. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम खाली बघत आत जाऊन एकदम मान वर केली. तिसऱ्या दिवशी त्याची खात्री पटली. सभामंडपात पाऊल टाकलं की डोळा पहिल्यांदा बाराव्या चौकटीवर जात होता. हिंगुळाच्या लाल, हरताळाच्या पिवळ्या आणि निळीच्या रंगांत, खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेल्या त्याच्या सगळ्या नक्षीवरून डोळा घसरत पुढे जायचा आणि त्या पिठाच्या गोळ्यापाशी थांबायचा. ते पाणी चढत होतं. अजून चढेल की काय, असं वाटत होतं. त्याने स्वतः काढलेल्या घाटावरची नदी नुसती निळी होती.

त्याने स्वतःला सांगितलं, की हे घाणेरडं आहे. हे अडाणी काम शेजारी राहिलं तर चांगली चौकट बिघडते. उद्या ठाण्याची माणसं हसतील. पंचांपैकी कोणी अजून तिकडे नीट पाहिलंही नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी देवळात कोणी नसताना त्याने फडकं ओलं केलं आणि ते चित्र पुसलं.

पीठ चुन्यात मुरलं होतं. सहज निघेना. त्याला घासावं लागलं, गुडघ्यावर बसून, जोर लावून. पाण्याच्या रेघा आधी गेल्या, मग भात, मग बांध. तो पांढरा गोळा सगळ्यांत चिवट निघाला. शेवटी विश्रामने त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि घोटून टाकला. घोटाई काही शेवंतीसारखी जमली नाही. घरी जाऊन त्याने जेवताना बायकोला सांगितलं, की पंचमंडळी किती मूर्ख आहेत. बराच वेळ सांगितलं.

पाडव्याला सकाळपासून देवळात गर्दी झाली. सनई होती, गुढी होती, संगमरवरी पाटी पिवळ्या कापडाने झाकली होती. भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. ऐक्यावर बोलून झालं, स्वदेशाभिमानावर बोलून झालं, आणि ते अठरापगडांवर आले, तेवढ्यात रस्त्यावर ढोल वाजला. रेतीबंदराला दोन होड्या लागल्या होत्या. आंबेखारची चाळीसेक माणसं सभामंडपाच्या पायऱ्या चढून आत येत होती. बायांनी केसांत अबोली माळली होती, हातांत नारळ होते. पुढे म्हातारा भगत काळुराम, त्याच्या मागे शेवंती. भाषण ऐकणारे सरकून वाट देत गेले, आणि ती माणसं सरळ बाराव्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली.

चौकट पांढरी होती.

शेवंतीने आधी भिंतीकडे पाहिलं, मग विश्रामकडे. त्याने ठरवून ठेवलेलं वाक्य काढलं.

"ओल आली भिंतीला. गेलं चित्र."

"कुठलं चित्र?" भाऊसाहेबांनी हळूच प्रभाकर मास्तरांना विचारलं. मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. तरी भाऊसाहेब पुढे झाले. "वाईट वाटून घेऊ नका मंडळी. पुढच्या वर्षी अवश्य काढू."

काळुरामने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याला डोळ्यांनी कमी दिसत होतं. त्याने शेवंतीला विचारलं, "हीच जागा?"

"हीच."

"बसवली व्हतीस ना नीट?"

"बसवली व्हती, बाबा."

"मंग उठून जेली असं कोन सांगतंय?"

म्हाताऱ्याने पांढऱ्या चुन्यावर पंजा ठेवला, जरा वेळ ठेवून पाहिला, आणि समाधानाने मान डोलावली. त्याने मागे हात केला. कोणीतरी नारळ दिला. भिंतीच्या पायाशी तो फोडून त्याने पाणी चौकटीवर शिंपडलं. बाया पुढे झाल्या. एकीने हळद लावली, दुसरीने कुंकू, आणि त्या गाऊ लागल्या, भाऊसाहेबांचं भाषण अर्धवट राहिलं याची फिकीर न करता. गाणं लांबलचक होतं. ते संपेपर्यंत गावातल्या बायका गोळा झाल्या. इथे काय आहे, कोणता देव, कशाला पावतो, हे विचारायलाही कोणी थांबलं नाही. नारळ फुटलेला दिसला, कुंकू दिसलं, पुरे झालं. एकीमागून एक पुढे आल्या आणि कुंकवाची बोटं उमटवून गेल्या. दुपारपर्यंत ती पांढरी जागा लाल झाली. पोपटशेटनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांनीही एक नारळ ठेवला.

विश्राम खांबाला टेकून हे बघत होता. हसण्यासारखीच गोष्ट होती. देवाला नाही, दगडाला नाही, दगडाच्या चित्रालाही नाही, चित्र पुसलेल्या जागेला ही माणसं हात जोडत होती! त्याने तसं मनात म्हणून पाहिलं. पण हसू आलं नाही. त्याच्या अकरा चौकटींसमोर एकही माणूस उभा नव्हता. टिटवाळ्याचा गणपतीसुद्धा बिचारा एकटा बसला होता. शेटच्या मिशांचा उंदीर तेवढा त्याच्या पायाशी होता.

दुसऱ्या दिवशी पंच जमले. भाऊसाहेब संतापले होते. त्यांचं भाषण ठाण्याच्या वर्तमानपत्रात यायचं होतं. आता बातमी आली तर ती आगरी बायांच्या गाण्याची येणार होती.

"हा धुडगूस चालायचा नाही," ते म्हणाले. "ती चौकट आजच्या आज भरून टाका. विश्राम, हे घे." त्यांनी एक छापील चित्र त्याच्यापुढे ठेवलं. कमळावरची लक्ष्मी, गुलाबी गाल, मागे दोन हत्ती. "हे उतरव. लक्ष्मीला कोणाचाच विरोध नाही."

"मी छापील चित्राची नक्कल करत नाही," विश्राम म्हणाला.

"मग तुझ्या मनाने काढ. पण काढ. ते कुंकू झाकलं पाहिजे."

विश्रामला तिथून उठता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं. "भाऊसाहेब, ओलबिल काही आली नव्हती. त्या बाईचं चित्र मी पुसलं."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा उजळला. "तू? आपणहून?" त्यांनी विश्रामच्या पाठीवर हात ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. "उत्तम केलंस. तू आमच्यातलाच आहेस, विश्राम. बघा मास्तर, याला म्हणतात रुची!"

मास्तर म्हणाले, "खरंय. मीही तेच केलं असतं."

पाठीवरचा हात विश्रामने किती वेळ सोसला कोण जाणे. या माणसांना तो तीन महिने तोलत आला होता, नदी चढावर चढवणारे, पिंडीचं उखळ करणारे, बोललेलं विसरणारे. त्यांनी त्याचं एकही काम ओळखलं नव्हतं. ओळखलं ते हे एक, आणि त्याबद्दल ते त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवत होते. तो उठला, रंगांच्या करवंट्या पिशवीत भरल्या आणि बाहेर पडला. मागून भाऊसाहेब म्हणत होते, "अरे, पण चौकट?"

लक्ष्मी शेवटी प्रभाकर मास्तरांनी काढली, पट्टी लावून. तिचा एक हत्ती डुकरासारखा झाला. तो सुधारायला दुपारी कोणी आलं नाही.

विश्राम आंबेखारला गेला तो भाद्रपद संपताना. आधी जायचा धीर झाला नव्हता, आणि चैत्र-वैशाखात लग्नघरांच्या भिंती होत्या, असं तो स्वतःला सांगत होता. त्या दिवशी अमावस्या होती, उधाणाच्या भरतीची. होडीवाल्याने त्याला बांधाच्या टोकाला सोडलं आणि भरतीच्या आत परत ये म्हणून बजावलं. एका बाजूला पोटरीला आलेलं हिरवंगार भात, दुसऱ्या बाजूला चिखल आणि खाडी. शेवंती बांधावरच भेटली. डोक्यावर मातीची पाटी होती. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली होती, ती बुजवायचं काम चाललं होतं.

"मी पुसलं होतं ते," विश्राम म्हणाला. रामराम घालायचंही राहिलं.

"ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"ओल आयली असती तं शेजारचा गनपती कसा रायला?" तिने पाटी खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नजर विश्रामला ओळखीची वाटली. तो स्वतः मास्तरांकडे अगदी तसाच बघत असे. "सांगाया यवरं लांब आयलास?"

"बघायलाही आलो. तुझी आई."

तिने हनुवटीने दाखवलं. उघाडीच्या माथ्यावर, लाकडी चौकटीच्या वर, एक दगड होता. कोहळ्याएवढा. तेल आणि शेंदूर लागलेला, एका अंगाला शिंपल्यांची खरबरीत कवचं चिकटलेली. विश्राम समोर उकिडवा बसला. वाटभर त्याने ठरवलं होतं, की तिथे पोचलं की आपल्याला काहीतरी दिसेल, जे त्या बाईला दिसलं होतं. तो बराच वेळ बसला. डोळे बारीक केले, मोठे केले. दगड दगडच दिसत होता. त्याने पिशवीतून कागद आणि कोळसा काढला आणि रेघ ओढली. बांधाची रेघ. ती आली, पण नुसती रेघ आली. दुसरी ओढली. ती पहिलीपेक्षा सुबक आली, आणि त्याला तिची शिसारी आली.

"तूच काढ ना परत," तो शेवंतीला म्हणाला. "कागदावर. मला फक्त हात कसा फिरतो तो बघू दे."

"नाय."

"का?"

"तू बघून काय करशील? तुला पसंत परली तं ठेवशील, नाय परली तं पुसशील." तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. "आमाला काम हाय, दादा."

भरती लागली होती. पाणी आवाज न करता चिखलावरून सरकत येत होतं, बघता बघता बांधाच्या पायाशी आलं. दुरून कोणीतरी हाक दिली. चार-पाच माणसं बांधावरून धावत आली, उघाडीची फळी खाली सोडायला. फळी फुगून अडली होती. एकाने खांदा लावला, दुसऱ्याने घण उचलला. विश्राम अजून तिथेच, दगडासमोर, मांडीवर कागद घेऊन बसला होता.

"बाजूला हो रं, चितारी!" घणवाला ओरडला. "मधी कं बसलास?"

विश्राम चटकन उठला. बांध अरुंद होता. तो भाताच्या अंगाला दोन पावलं खाली उतरला, गुडघाभर चिखलात, आणि कागद पोटाशी धरून तिथे उभा राहिला. वर घणाचे ठोके पडू लागले.